मायक्रोस्कोपचं कपाळ

खंडेनवमीच्या सकाळी दारव्ह्याच्या कॉलेजात भारत राठोडने मायक्रोस्कोपची पूजा केली आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. गॅरेजवाले पान्ह्यांची पूजा करतात, जीपवाले स्टेअरिंगला हार घालतात, मग जीवशास्त्राच्या मास्तरने कशाची करायची? भारतने ताट मांडलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. टिका लावायची वेळ आली तेव्हा मात्र तो अडखळला. यंत्राचं कपाळ कुठं असतं? डोळा लावून पाहायचा तो सगळ्यात वरचा भाग त्याला कपाळासारखा वाटला. त्याने आयपीसच्या काचेवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं आणि हात जोडले.

मागून त्याला वाटलं, काच आहे, पुसलेली बरी. आयपीस नळीत नुसती खोचलेली असते. त्याने ती उपसली, वरची काच रुमालाने लख्ख केली आणि खालच्या काचेला नकळत कुंकवाचाच अंगठा लावून पुन्हा खोचून दिली. वरून सगळं झकास दिसत होतं, आणि वरून झकास दिसलं की काम झालं, असं भारतचं साधारण मत होतं.

एरवी ही पूजा जीवशास्त्राचेच वडीलधारे मास्तर, गुलाम नबी सर मांडून घेत. नारळ तेच आणत आणि खोबऱ्याचा मोठा तुकडाही आधी तेच उचलत. टिका मात्र यंत्राच्या लोखंडी पायाला. यंदा सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला यवतमाळला गेले होते, आणि टिका कुठं लावायचा हे सांगायचं राहून गेलं होतं.

सरांचे वडील पिंजारी. सगळं बालपण कापसाच्या धुरळ्यात गेलेलं, म्हणून की काय, प्रयोगशाळेत सरांनी कापसाला बंदी घातली होती. “कापूस गादीत. भिंगाले हा कागद,” असं म्हणून ते शर्टाच्या खिशातून भिंग पुसायच्या पातळ कागदाचा तुकडा काढत. सर्दी झाली तरी त्या कागदाला नाक लागलं नाही. यंत्र उचलताना त्यांचा एक हात मानेला आणि एक बुडाखाली असायचा. समोरून प्राचार्य आले तर प्राचार्यांनीच भिंतीला चिकटायचं. नळी खाली न्यायची ती बाजूनं पाहत, आणि डोळा लावला की फक्त वर घ्यायची, नाहीतर भिंग स्लाइडवर आपटतं. हे त्यांनी तालुक्यातल्या इतक्या पोरांना सांगितलं होतं, की लग्नाच्या पंगतीत सर दिसले तर वाढपीसुद्धा वरणाचं भगुणं दोन्ही हातांनी धरायचा.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी सर काळा चष्मा लावून कॉलेजात आले. मागून सुग्राबी चाची, त्यांची बायको, डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली घेऊन. डॉक्टरांनी मान वाकवू नका म्हटलं होतं, म्हणून सरांनी यंत्र चार जाडजूड पुस्तकांवर चढवलं.

“डॉक्टर म्हणते डोळा पास झाला,” सर म्हणाले. “मी म्हणतो, कांद्याची पेशी दिसू दे, मंग पास. भारत, स्लाइड बनव बेटा.”

“आणि सोमवारी दुसऱ्या डोळ्याचं हाय,” चाची भारतला म्हणाली. “पोरानं, आमच्या पोरानं, इमरानने, नंबर लावून ठेवला हाय. पण हे इथं पाहूनच हो म्हनतील.”

भारतने कांद्याचा पापुद्रा सोलला, लाल रंगाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. सरांनी खिडकीकडून आरशात उजेड घेतला, नवा डोळा लावला आणि नळी हळूहळू वर घेतली.

“लाल ठिपके दिसून राह्यले,” ते शेवटी म्हणाले.

“रंग जास्त झाला असन सर.”

बिनरंगाची स्लाइड ठेवली. ठिपके होतेच. मोठं भिंग फिरवून आणलं, ठिपके होतेच. स्लाइडच काढून टाकली, तरी ठिपके. सरांनी जुना डोळा लावून पाहिला. त्या डोळ्याला नुसतं धुकं दिसलं, त्यात कसले ठिपके आणि कसलं काय. ते मागं सरकून स्टुलावर बसले.

“झालं. नव्या डोळ्यातच हाय. रक्त उतरलं.”

भारत गोंधळला. त्याने स्वतः डोळा लावला. त्यालाही लाल ठिपके दिसले. डोळ्यांची साथ असते हे त्याला माहीत होतं, पण रक्त उतरायचीही साथ असते? तो बेसिनवर जाऊन खसाखसा डोळे धुऊन आला आणि त्याने पुन्हा पाहिलं. तितकेच लाल, तितकेच ठिपके.

“सर, मले बी दिसून राह्यले.”

“तू राहू दे लेका. तू माह्या बिनसाखरेच्या चहाले बी गोड म्हनतं.”

हे खरं होतं. सरांचं मन मोडायचं नाही म्हणून भारत आजवर प्रत्येक गोष्टीला हो म्हणत आला होता, आणि आज पहिल्यांदा खरं हो म्हणायची वेळ आली, तर ते कुणी घेईना.

“चाची, देवाशपथ दिसते मले.”

“इमरानले फोन लाव,” सर बायकोला म्हणाले. “सोमवारचं रद्द कर. हा डोळा तर गेला, तो धुक्याचा तरी राहू दे.”

चाचीने मोबाइल काढला आणि न लावताच हातात धरून उभी राहिली. भारतला काय करावं सुचेना. “एक डाव पाहा सर, शेवटचं,” म्हणून त्याने त्यांना पुन्हा यंत्राशी बसवलं आणि काहीतरी करायचं म्हणून हाताला येईल ते फिरवायला लागला. आधी आरसा, मग मोठा स्क्रू, मग स्क्रू समजून आयपीसच.

“थांब,” सर म्हणाले. “काय फिरवलं तू?”

“काई नाही सर.”

“तेच काई नाही पुन्हा फिरव.”

त्याने फिरवलं.

“आता उलटं.”

त्याने उलटं फिरवलं.

“फिरून राह्यले,” सर सावकाश म्हणाले. “ठिपके संगं फिरून राह्यले. माहा डोळा त जागच्या जागी हाय. सुग्रा, फोन ठेव.”

त्यांनी आयपीस उपसली, खिशातला कागद काढला, खालच्या काचेवर फुंकर घालून हलकेच गोल पुसलं. कागद लाल झाला. त्यांनी तो नाकाशी नेला, मग भारतकडे पाहिलं. भारत सोडा, चाचीसुद्धा भिंतीवरच्या बेडकाच्या चित्राकडे पाहू लागली.

“टिका कुठं लावला होता?”

“कपाळाले, सर.”

सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. आयपीस खोचून, कांद्याची स्लाइड ठेवून त्यांनी नवा डोळा लावला. पेशी दिसल्या असाव्यात, कारण ते उठेचनात. शेवटी चाचीने खांदा हलवून त्यांना बाजूला केलं, मान मागं करायला लावली आणि औषधाचे थेंब टाकले. डोळा मिटून बसलेल्या सरांच्या गालावरून एक ओघळ आला. औषधाचा होता की कसला, हे भारतला कळलं नाही.

“सर,” तो चाचरत म्हणाला, “सोमवारी मी येऊ का संगं, यवतमाळले?”

“ये, पन कुंकू घरी ठेवून ये.”