तेल प्यायलेला रांजण

आमच्या घरात एक रांजण आहे. त्यात ज्वारी असते. वीस-बावीस वर्षांत त्या ज्वारीला कधी किडा लागला नाही. आल्यागेल्याला बायको तो रांजण कौतुकानं दाखवते, वर थाप मारून म्हणते, "जळका निघाला म्हणून आम्हांला मिळाला, बघा नशीब!" त्या वेळी मी पाण्याचं वगैरे निमित्त काढून उठतो. तो रांजण जळका नाही. तो मी बिघडवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

लग्नाला वर्ष झालेलं. मी सोलापुरात एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होतो आणि सहा खोल्यांच्या एका पत्र्याच्या चाळीत राहत होतो. पत्र्याखालचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचा नाही. सकाळी नऊला पत्रा तडतडायला लागायचा. अकराला तो बोलायचा बंद व्हायचा आणि तेव्हा समजायचं, आता खरं ऊन सुरू झालं. खिळ्याला अडकवलेला पितळी तांब्या घ्यायला फडकं लागायचं. खोबरेल तेलाची बाटली वर्षभरात गोठलेली कधी पाहिलीच नाही आम्ही.

पण माणसं मजेत होती, हे मात्र खरं. उन्हाला तोंड देण्याची प्रत्येकाची आपली एक तऱ्हा होती आणि दुसऱ्याची तऱ्हा कशी खुळी आहे हे सांगण्यात दुपार बरी जायची. शेजारच्या खोलीत एक विणकर मामा होते. घरात तेलुगू बोलत, बाहेर सोलापुरी मराठी. चादरीचा एक हातमाग अर्ध्या खोलीत, उरलेल्या अर्ध्यात संसार. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे ते खड्ड्यात थोडं पाणी ओतून. वर घाम, खाली गारवा. "माझा अर्धा माणूस महाबळेश्वरात हाय की," म्हणायचे. मी गावाकडून कडबा आणून पत्र्यावर पसरला, तर मामांच्या शेळीनं मागच्या उकिरड्यावरून पत्र्यावर उडी घेतली आणि चार दिवसांत कडबा फस्त केला. मी तक्रार घेऊन गेलो.

"मामा, तुमच्या शेळीनं आमची सावली खाल्ली."

"मग दूध घेऊन जावा की कारकूनसाहेब. सावलीचंच दूध हाय, थंड असतंय बघा."

दूध खरंच पाठवलं त्यांनी. शहाबादी फरशीवर पाणी मारून पोटावर पडायचं, कांदा कनवटीला लावायचा, ओलं धोतर दारात टांगायचं, हे तर सगळेच करायचे. पण सगळ्या चाळीचं मिळून एक गारव्याचं ठिकाण होतं, ते म्हणजे अंगणातल्या कडुनिंबाखालचा रांजण.

दर साली पाडव्याच्या आठवड्यात एक कुंभारीण मावशी हातगाडीवर माठ-रांजण घेऊन यायची. चाळीचा रांजण तिच्याकडूनच. तिची एक पद्धत होती. रांजण उतरवला की ती बोटाच्या पेरानं तीन ठिकाणी टकटक करायची, कान लावायची, मग घेणाऱ्यालाही कान लावायला लावायची. "ऐकलं का? घंटा हाय घंटा. माज्या रांजणाचं पाणी दाताला कळ आणंल. न्हाय आणली तर माजं नाव टाकून द्या." मग सांगून जायची: पहिलं पाणी एक रात्र ठेवा, झाडाला ओता, दिवसभर रांजण उन्हात पालथा घाला, आणि तिसऱ्या दिवशी प्यायचं पाणी भरा. तोवर मातीचा वास जातो.

त्या साली दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही चिडून आल्यासारखं. पाण्याचा थेंब वाया गेलेला मला बघवायचा नाही. मी माढ्याकडचा. घरी विहिरीवर मोट होती आणि मोट गळली की वडील बैलांपेक्षा मोठ्यानं ओरडत. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला ते मोटेला करडईचं तेल पाजायचे. कातडं तेल प्यायचं, उन्हात तेल सुकून त्याचा चिवट पापुद्रा धरायचा, आणि मग मोट एक थेंब सांडायची नाही.

नव्या रांजणात पहिलं पाणी भरलं त्या दिवशी मी पाहिलं तर रांजणाला सगळीकडून घाम फुटलेला. बुडाशी ओल, ओलीभोवती गांधीलमाश्या. सकाळपर्यंत चार बोटं पाणी कमी. मला वाटलं, हे तर गळतंय! गावाकडं आमच्या घरात पाण्याला तांब्याचे हंडे असायचे, माठाशी माझा संबंध पिण्यापुरता. पाझरतो म्हणून पाणी गार होतं, हे मला पंचविसाव्या वर्षी ठाऊक नव्हतं. शिकलेला माणूस मी. हिशेबनीसाची परीक्षा पास.

दुसऱ्या दिवशी रांजण उन्हात पालथा घातलेला. माझी सुट्टी होती. भर दुपारी, सगळी चाळ दारं लावून पडलेली, मामांचा माग थांबलेला, अंगणात शेळीसुद्धा नाही. गावाहून आलेल्या करडईच्या तेलाची बरणी घेतली आणि फडक्यानं रांजणाला चारी बाजूंनी तेल पाजलं. तापलेली माती अशी प्यायली की मला समाधान वाटलं. फडक्यानं कोरडा पुसून काढला. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं ते लबाडीनं नव्हे. वाटलं, आठ दिवसांनी लोक म्हणतील, यंदा रांजण गळत कसा नाही, मग हळूच सांगू.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, बरणीतलं तेल एवढं कसं उतरलं?"

"मांजरानं सांडलं."

"आणि पुसूनही ठेवलं?"

मी बरणी उचलून फळीवर मागं सरकवली. पुढं महिनाभर त्या मांजराला तिनं दारात उभं केलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी भरलं. दुपारी मामांनी पहिला पेला तोंडाला लावला आणि तसाच धरून राहिले.

"काय झालं मामा?"

"चहापत्ती हाय का कुणाकडं? पाणी तयार हाय."

सगळी चाळ हसली. मग एकेकानं चव घेतली आणि हसणं कमी झालं. एकानं वाळ्याची जुडी टाकली. पाण्याला वास सुंदर आला, गारवा नाही. कुणी म्हणालं सावली सरकली, तर सहा जणांनी मिळून रांजण दीड हात सरकवला. कुणी गोणपाट गुंडाळून त्यावर तांब्यातांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. त्या वाऱ्यात गोणपाट अर्ध्या तासात खडखडीत. जेवढं पाणी मी वाचवलं होतं त्याच्या दुप्पट गोणपाट पिऊ लागलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. दोन दिवस हसले असते, तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण मामा गोणपाट बाजूला करून रांजणावरून हात फिरवत म्हणाले, "रंग बघा की. काळपट पडलाय. भट्टीत जास्त भाजला, की माती मिटती, पाझरत न्हाय. जळका हाय हा." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मीही हलवली.

मावशीच्या कानावर गेलं. ती गाडी न घेता, नुसतीच चालत आली, दुपारच्या उन्हात. तोवर चाळीनं दुसऱ्या कुंभाराचा रांजण आणून ठेवला होता, आणि तो बेटा इमानानं पाझरत होता. मावशी त्याच्याकडं बघितलं न बघितलं करून म्हणाली, "माजा कुटं हाय?"

तो आमच्या खोलीत होता. टाकून देण्यापेक्षा धान्याला होईल म्हणून बायकोनं मागून घेतला होता.

"मला एकदा बगू द्या. हात लावून बगते. भाजणीत चूक कुटं झाली ते कळलं तर पायजे की न्हाय?"

बायको दार उघडायला वळली. मी दारात आडवा झालो. मावशीनं एकदा हात लावला असता, नाकाशी बोट नेलं असतं, की संपलं होतं.

"त्यात ज्वारी भरलीय मावशी. आता कुठं रिकामा करता."

खोटं होतं. रांजण रिकामा होता. बायको माझ्याकडं बघत राहिली, पण परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून पेला घ्यायला वळली. मावशी पायरीवर बसली. बायकोनं तिला नव्या रांजणातलं पाणी दिलं. तिनं ते सावकाश प्यायलं, पेला पालथा ठेवला आणि म्हणाली, "गार हाय. चांगला हाय हात त्याचा." आणि उठून गेली. त्या संध्याकाळी मी बाजारातून पायलीभर ज्वारी आणून रांजणात ओतली, माझं बोलणं खरं करायला.

पुढच्या साली ती आली, टकटक करून दाखवली, पण आमच्या चाळीनं घेतला नाही, शेजारच्या चाळीनंही नाही. त्यानंतर आली नाही.

आम्ही पुढं चाळ सोडली, सिमेंटच्या छताखाली आलो. पंखा आला, फ्रिज आला. मामांची गाठ अजून पडते. खोली तीच, माग तोच, खड्ड्यात पाणी तेच. मी गेलो की म्हणतात, "या साहेब, अर्धा माणूस बुडवा." तास-तास हसतो आम्ही. रांजणाचा विषय निघाला की मी चादरीचा भाव विचारतो.

गेल्या उन्हाळ्यात मंडईत मावशी दिसली. केस पांढरे, समोर लहान माठ, पणत्या, झाकण्या. मी एक माठ उचलला. तिनं मला ओळखलं नाही. मी विचारलं, "मावशी, रांजण नाही ठेवत?"

"सोडलं बाबा. लई साल झाली. एका चाळीत माजा एक जळका निघाला. तवापासनं हात भ्याला. जळंल म्हणून भट्टी लवकर मोडाय लागले, तर कच्चंच निगाय लागलं. मग म्हनलं, बास. रांजणाला भ्यालेला हात चालत न्हाय."

मी माठ फिरवून त्याचं बूड बघायला लागलो.

"तुमी कुटलं?"

"माढ्याकडचा," मी म्हणालो.

"वाजवून घ्या की. कान लावा. घंटा हाय घंटा."

मी टकटक केली, कान लावला. खरंच घंटा होती. माठ घेऊन घरी आलो. त्याचं पाणी मेच्या दुपारीही दाताला कळ आणतं. फ्रिज असूनही घरात सगळे तेच पितात, आणि बायको विचारते, "एवढा चांगला माठ कुठून आणलात हो?"

आता हे लिहिलेलं मी आधी तिच्यापुढं ठेवणार आहे. त्यानं काही फिटत नाही, हे मला माहीत आहे. मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी मंडईत बसते. तिचा रांजण चांगला होता, त्याला तेल मी पाजलं, आणि तिला तो बघू दिला नाही तेही मीच, हे तिच्यासमोर बसून सांगणं आणि रांजण रिकामा करून तिच्या हातात देणं, एवढं मी तिचं अजून देणं लागतो.