गयाबाईंची ओटी आणि माझा नियम

पुरवणीच्या संपादकांनी "बघू" म्हटलं, म्हणून मी निघाले. मुक्त पत्रकारितेत "बघू" हा होकारच समजायचा. "नक्की छापू" म्हणणारे पुढे फोन उचलत नाहीत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

विषय साधा होता. पिशोरच्या पुढच्या एका वस्तीवर बचत गटातल्या बायकांनी ठरवलं होतं, की यापुढे विधवांनाही हळदीकुंकवाला बोलवायचं आणि त्यांनीही इतरांची ओटी भरायची. गटाची अध्यक्ष सुनीता हिनं फोनवर सांगितलं होतं, "या मॅडम, सगळं बघा." ठरवणं आणि पाळणं यांत किती अंतर आहे, तेवढंच मला बघायचं होतं.

शहरातल्या गारखेड्यातून, म्हणजे माझ्या घरून, सकाळी लवकर रिक्षा केली आणि बसस्थानकावरून कन्नडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. परतताना उजव्या खिडकीशी बसू नका, उन्हात डोकं चढतं. कन्नडच्या स्टँडवर पोहे बरे मिळतात, चहा मात्र पाकासारखा गोड. तिथून पिशोरची गाडी वेळापत्रकावर विसंबून नसते. ती भरली की सुटते. संक्रांत नुकतीच झाली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू हिरवागार होता, आणि एके ठिकाणी अद्रक काढणी चालली होती. उघड्या खिडकीतून तिचा वास थेट घशात आला.

पिशोरला सुनीता स्कूटीवर न्यायला आली होती. वस्तीवर ओसरीत सात-आठ बायका जमल्या होत्या. भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेच्याला घाबरणाऱ्यांनी दही मागून घ्यावं, देतात.

"बाई, तुमचा पेपर कोणता?" माझ्याच वयाच्या एका बाईंनी विचारलं. कपाळ मोकळं. या गयाबाई, गटातल्या विधवा, असं सुनीतानं सांगितलं.

"ठरलेला कोणताच नाही. ज्याला हवं त्याला लिहिते."

"म्हंजी रोजानं जाता व्हय! आमच्यावाणीच."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण इतकं नेमकं वर्णन माझं कुणी केलं नव्हतं.

मग मी कामाचं विचारलं. "गयाबाईंच्या हातची ओटी कुणी कुणी घेतली?"

"म्या घेतली," सुनीता म्हणाली. बाकीच्यांतल्या एकीला घरी दूध तापत असल्याचं आठवलं. कोपऱ्यातली म्हातारी कोंडाबाई म्हणाली, "घिऊ की. घाई काय हाय? आमची पाळी आली नाय अजून."

"पाळीची वाट कशाला बघायची? ह्या बाई आल्यात की," असं म्हणत गयाबाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. गहू, नारळ, खण, हळदीकुंकू.

इथं माझा नियम सांगायला हवा. ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्याकडून चहा आणि जेवण सोडून काही घ्यायचं नाही. पत्रकार परिषदांमधल्या भेटवस्तूंच्या पिशव्या मी कायम खुर्चीवर ठेवून उठत आले आहे. त्यामुळे तोंडातून सवयीनं निघून गेलं, "नको, मी कुणाकडून काही घेत नाही."

गयाबाईंनी ताट खाली ठेवलं. पदरानं हात पुसले.

"बघ," कोंडाबाई म्हणाली, "म्हणलं नव्हतं? लई शिकलेल्याबी घेत नायत."

नियमाचं कारण मी समजावून सांगू शकले असते. पण ऐकायला कुणी तयार नव्हतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मी उठले, गयाबाईंसमोर जाऊन बसले आणि ओढणी पसरली.

"भरा."

त्यांनी आधी सुनीताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुंकू लावताना थोडं माझ्या नाकावर सांडलं. गहू ओढणीत पडले, त्यावर खण, नारळ. "मोप लिव्हा," त्या हळूच म्हणाल्या.

निघताना कोंडाबाईनं विचारलं, "नाव काय तुमचं, बाई?" घरदार, जात, सगळं विचारून घेतलं. ओटी कुणी घेतली हे तिला नीट ठाऊक करून घ्यायचं असावं.

घरी आल्यावर नवऱ्यानं नारळ उचलून पाहिला. "तू? भेट?"

"भेट नाही, ओटी," मी म्हटलं. तरी लेखाच्या शेवटी स्वच्छ लिहिलं, की गयाबाईंच्या हातची ओटी मी घेतली आहे, हे वाचकांना माहीत असावं.

लेख छापून आला. फोटो चांगला, मथळा बरा, शेवटचं वाक्य गायब. संपादक म्हणाले, "मॅडम, ते वैयक्तिक वाटलं. शिवाय जागा नव्हती." एरवी मी वाद घातला असता. या वेळी सोडून दिलं, जागेचं कारण खरं असू शकतं, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी गयाबाईंचा फोन. "सुनीतानं वाचून दावला. सगळं बराबर हाय. पर तुम्ही वटी घेतली ते नाय त्यात. कोंडाबाई म्हणती, शहरात गेल्यावर लाज वाटली आसंल."

म्हणून हा ब्लॉग. जाणाऱ्यांनी रस्ता, गाडी, ठेचा यांची माहिती वर घ्यावी. सुनीता, तू मात्र हा शेवट गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाच, कोंडाबाईंना पुढे बसवून.

गयाबाईंच्या हातची ओटी मी घेतली. सगळ्यांसमोर, ओढणी पसरून. खण शिवायला टाकला आहे. तो घालून येईन.