भांडवली कोंबडी

एकच कोंबडी मी एका सकाळी दोनदा विकत घेतली, आणि दुपारी आमच्या घरी कोंबडी नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कऱ्हाडजवळच्या एका साखर कारखान्यात मी हिशेबनीस होतो. दुसऱ्यांचे लाखांचे आकडे जुळवणारा माणूस स्वतःच्या मुलीला पैशाची शिस्त लावल्याशिवाय कसा राहील? सुमती नऊ वर्षांची झाली तेव्हा मी तिला तीन डबे दिले. एक देवाचा, एक साठवणीचा, एक खर्चाचा. हाती येईल त्याचा दहावा भाग आधी देवाच्या डब्यात, मग बाकीचं. शिवाय एक नियम: देवाला दिलेलं मागं घ्यायचं नाही. (हा नियम मी उगाच घातला. नंतर फार महाग पडला.)

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण एका रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी चाकरांच्या हाती पैसे सोपवणाऱ्या धन्याचा बायबलमधला दाखला सांगितला (दोघा चाकरांनी ते वाढवले, तिसऱ्यानं भिऊन पुरून ठेवले), आणि मला स्फुरण चढलं! घरी येताच सुमतीच्या हातावर पाच रुपये ठेवले.

“हे पुरून ठेवायचे नाहीत. वाढवायचे!”

तिनं बाजारातून एक तांबडी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणली. दोन महिन्यांत ती अंडी द्यायला लागली आणि सुमती ती विकायला लागली. कुणाला? आम्हालाच!

“अगं, जरा घासाघीस कर,” मी बायकोला, शांताला, म्हटलं.

“तुमचीच लेक आहे,” शांता म्हणाली. “मी कधीची करतेय. एक पैसा सोडत नाही.”

दहा अंड्यांमागे एक अंडं चर्चला जाई, तेही सगळ्यांत मोठं. मी तिला समजावलं, “हिशेबात आकार धरत नाहीत. अंडं म्हणजे अंडं.”

“पण पप्पा, देवाला आकार दिसतो ना?”

कारखान्यात मला इतकं बिनतोड उत्तर कुणी दिलं नव्हतं!

मग कापणीचा सण आला. त्या दिवशी मंडळीतला प्रत्येकजण आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढं ठेवतो आणि उपासनेनंतर चर्चच्या आवारात त्याचा लिलाव होतो. काही हौशी लोक घेतलेली वस्तू पुन्हा अर्पण करतात, ती पुन्हा पुकारली जाते आणि टाळ्या पडतात. माझ्या खिशात तीस रुपये होते. नाताळला सुमतीच्या फ्रॉकसाठी एक निळं कापड आम्ही पाहून ठेवलं होतं, त्याचे. लिलाव उरकला की थेट दुकानात जायचं ठरलं होतं.

निघताना पाहतो तर सुमतीच्या काखेत कोंबडी!

“अगं, ही कुठं?”

“देवाला.”

“सुमती, नीट ऐक. अंडी हे उत्पन्न. कोंबडी हे भांडवल. दशांश उत्पन्नाचा द्यायचा, भांडवलाचा नाही!”

“म्हणजे देवाला कधीच कोंबडी मिळायची नाही?”

मी मनात ठरवलं की लिलावात आपणच घ्यायची. देवाला पैसे, आपल्याला कोंबडी. दोन्ही खाती चोख!

लिलाव पुकारायला आमचे सुभेदार होते, फौजेतून निवृत्त झालेले. कोंबडी उंच धरून ते गरजले, “अटेन्शन! लय गुणाची हाय! बोला!”

“सहा!” मी म्हणालो. तिची रास्त किंमत तेवढीच.

“सात!” लिलाव बघायला आलेले आमचे शेजारी, उसाचे बागाईतदार बापू ओरडले. “आवं, हिची अंडी बघितल्यात मी!”

आठ, दहा करत अकराला कोंबडी माझी झाली. मी ती सुमतीकडं दिली आणि पैसे मोजायला गेलो. मागं वळतो तोच टाळ्यांचा कडकडाट!

“भाऊसाहेबांनी कोंबडी पुन्हा देवाला वाहिली!” सुभेदार सांगत होते. “ह्याला म्हनायचं दिल!”

मी सुमतीला गाठलं. “अगं, मी तुझ्यासाठीच घेतली होती!”

“पण दिलेलं मागं घ्यायचं नाही ना? म्हणून तुमच्या नावानं दिली.” ती हळूच म्हणाली, “टाळ्या तुम्हालाच मिळाल्या, पप्पा.”

आता बोलीच दहापासून सुरू झाली. गुमान बसायला हवं होतं, पण अकरा रुपये पाण्यात गेलेले कुठल्या हिशेबनिसाला सोसतात? मी इरेला पेटलो. बापूही पेटले. एकोणिसाला कोंबडी परत माझी झाली आणि खिशात फक्त रुमाल राहिला!

“आवं भाऊसाहेब,” बापू कळवळून म्हणाले, “सोताचीच कोंबडी कितींदा इकत घेताय? घरात बायकूला इचारा तरी!”

या खेपेला मी कोंबडी कुणाच्या हातात दिली नाही. काखेत मारली आणि फाटकाकडं निघालो. फाटकाशी सुमती उभी होती. ती रडली नाही, हट्ट केला नाही. निळं कापड गेलं हे तिला कळलं होतं. कोंबडीच्या मानेवरून तिनं एकदा बोट फिरवलं आणि बाजूला होऊन मला वाट करून दिली. जन्मभर मी देवाला दिलं ते मोजून, दहातलं एक. या पोरीकडं एकच कोंबडी होती, आणि तिनं दहाव्या भागाचा हिशेबच केला नव्हता. मला तिच्यापुढून कोंबडी नेववेना.

मी परत फिरलो आणि कोंबडी सुभेदारांच्या हातात दिली.

“आता काय बोलावं!” म्हणत त्यांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला.

पुढं कुणी बोली लावायलाच तयार होईना. हा माणूस पुन्हा चढवणार, अशी सगळ्यांना धास्ती! शेवटी बापूंनी पाच रुपये टाकले आणि मी तोंड उघडायच्या आत कोंबडी घेऊन पळाले.

नाताळला सुमती मागच्याच फ्रॉकची दुमड उसवून गायला उभी राहिली. तिच्या तोंडावरचं तेज पाहून शांता मला म्हणाली, “दिसतं का काही?” दिसत होतं. खिशातला रुमाल कामी आला.

नव्या वर्षाच्या पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी माझा हात धरला. “भाऊसाहेब, पैसा कसा वापरावा, हे आमच्या संडेस्कूलच्या मुलांना तुमच्याशिवाय कोण शिकवणार?”

मी गेलो, पण सुमतीला घेऊन. माझ्या जागी ती शिकवायला उभी राहिली आणि मी मुलांच्या रांगेत मांडी घालून बसलो. पहिल्याच प्रश्नाचं माझं उत्तर चुकलं.