दा नांगचे चेहरे

प्रदीप सबनीसांची जुनी सवय होती: चांगली गोष्ट शेवटी ठेवायची. ताटातला गोड पदार्थ शेवटी, सुट्टीतला निवांत दिवस शेवटी. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका कंपनीत हिशेब खात्यात उभी हयात गेली, तिथेही किचकट काम आधी. म्हणूनच पत्नी कुमुदिनीबाईंचं व्हिएतनाम त्यांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यासाठी राखून ठेवलं होतं.

व्हिएतनाम म्हणजे मुख्यतः दा नांग शहर. कुमुदिनीबाई पुण्यात प्राचीन इतिहास शिकलेल्या. लग्न होऊन जर्मनीत आल्या, एका किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या, पण दा नांगचं चाम शिल्पांचं संग्रहालय डोक्यातून गेलं नाही. हजार वर्षांपूर्वी तिथल्या चाम राजांनी शंकराची देवळं बांधली, गणपती घडवले, नर्तकी कोरल्या. त्यातलं बरंच काही आज नदीजवळच्या त्या पिवळ्या इमारतीत आहे.

"देव आपलेच, पण चेहरे तिथल्या माणसांचे," त्या म्हणायच्या. "मला जवळून बघायचेत."

"बघू की. मी नोकरीतून सुटलो की महिनाभर जाऊ. संग्रहालय, 'मी सोन' गावची देवळं, संगमरवरी डोंगरातल्या गुहा. घाईगडबडीत काय दिसणार?"

मग गेल्या हिवाळ्यात बाईंना दाराच्या चौकटी वाकड्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी तपासलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग बिघडत चालला होता. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसट होत जाईल. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, तेही न चुकता.

परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "अहो, आत्ताच जाऊ या."

"इंजेक्शन चुकवून? डॉक्टरांचं ऐकलंस ना?"

"हो, हो, ऐकलं. पण मला चेहरे बघायचेत हो, नुसती देवळं नाही."

"आधी डोळे सांभाळू. दगडाचे देव कुठे पळून जातायत?"

बोलणं शहाणपणाचं होतं. बाई खिडकीकडे वळल्या आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

इंजेक्शनं झाली, पण डोळ्यांनी साथ दिली नाही. आधी पुस्तकातली अक्षरं गेली, मग व्हिडिओ कॉलवर दिसणारा मुलीचा चेहरा गेला. दिया कोलोनला असते. आईचं मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. "ममा, मीच जाते आणि तुझ्यासाठी सगळं शूट करून आणते," ती म्हणाली.

"वा! शिकले मी, आणि फिरणार तू," बाई हसल्या.

निवृत्त होताच प्रदीपरावांनी दा नांगची तिकिटं काढली. त्याच आठवड्यात बाईंनी चहा पिता पिता सांगितलं, "तिकिटं रद्द करून टाका."

"का? हवा चांगली असते आता. नदी आहे, समुद्र आहे."

"नदी इथेही आहे. तिथे तुम्ही पाट्या वाचाल आणि मी मूर्तींचे कान बघत फिरेन. नको."

"मी सांगेन ना तुला सगळं!"

"मग आत्ता सांगा."

त्यांनी टॅबलेटवर संग्रहालयातल्या एका नर्तकीचा फोटो उघडला. घसा साफ करून म्हणाले, "वालुकाश्म. दहावं शतक. त्रा किउ या गावच्या देवळाचा चौथरा..."

"ही पाटी झाली. चेहरा सांगा."

प्रदीपरावांनी चष्मा वर सरकवला आणि चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बाईंनी हे फोटो त्यांना कितीदा दाखवले होते, आणि दर वेळी 'छान आहे' म्हणून ते मोकळे झाले होते.

"गोल आहे. ओठ जाड. डोळे... खाली बघतायत."

"लाजून? थकून? की स्वतःशीच हसतेय?"

ते बघत राहिले. उत्तर त्या फोटोतच होतं, बाईंना एका क्षणात सापडलं असतं.

"कुमुद, मला नाही कळत गं."

बाईंनी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने नवऱ्याकडे पाहिलं. कदाचित त्यांचे केस दिसले असतील, कानही.

"रडताय का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही."

बाईंनी हात पुढे केला आणि बोटांनी त्यांचा गाल चाचपून पाहिला.