लॉज उतरवणार म्हणे

अर्धी वाट सरली तेव्हा कडीमावशी थांबल्या, चपलेतला खडा काढला आणि मागे वळून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"तो कारकून एवढा का हसला, सांगा बाई."

शाळेतल्या बाईंचे पाय भरून आले होते. परतीची बस चुकली होती, गाव अजून लांब होतं. "मावशी, कुणीही हसलंच असतं."

झालं होतं असं. गेल्या आठवड्यात एक माणूस फीत घेऊन लॉजवर आला. भिंती मोजल्या, लाकडी जिना मोजला, तुळयांवर टकटक केली आणि फोनवर म्हणाला, "मालक, याच महिन्यात उतरवून टाकू." दाराआड झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. दीडशे वर्षांचा लॉज उतरवणार? आज बाईंना सोबत घेऊन त्या थेट मालकांच्या कचेरीत धडकल्या. कारकुनाला हसून ठसका लागला. "अहो आजी, लॉज नाही उतरवत. लॉजचा विमा उतरवतोय."

बाईंना वाटलं, संपलं. मावशींचं आत्ता कुठे सुरू झालं होतं.

कडीमावशी हे गावानं ठेवलेलं नाव. पाहुण्यानं आतून कडी लावली तरी मावशी बाहेरून दार ओढून बघणार. एकदा तिसऱ्यांदा दार हललं तेव्हा एक पाहुणा कळवळून म्हणाला, "मावशी, मी आतच आहे हो." "तेच बघत होते," मावशी म्हणाल्या आणि चौथ्यांदा ओढलं. नवरा तिथला राखणदार. तो गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा यांच्या कमरेला आला, त्याला एकतीस वर्षं झाली. टपालाचे घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अंगणातल्या भिंतीत अजून आहेत. घोडा काही येणार नाही, तरी मावशी त्यांना तेल लावतात. जिन्याची करकरणारी पायरी सुताराला दुरुस्त करू देत नाहीत. कोण चढलं ते तिच्यावरून कळतं. राहतात जिन्याखालच्या खोलीत. दुसरं घर त्यांना नाही.

"इतकी वर्षं विम्यावाचून उभा आहे," मावशी चालता चालता म्हणाल्या. "आत्ताच कसला पुळका?"

"जुनी वास्तू आहे. काळजी वाटली असेल मालकांना."

"कौलं गळतात म्हणून तीन पावसाळे मागे लागले, तेव्हा नाही वाटली ती?" मग आवाज उतरला. "लाकडी जिना, लाकडी माडी. पेटली तर किती वेळ लागेल हो?"

"भलतंसलतं बोलू नका. देवाचं नाव घ्या."

"घेतेच आहे. पण देवाला सगळीकडे बघावं लागतं. मला एकच लॉज आहे."

बाईंना हसू येत होतं, तेवढ्यात मावशींनी त्यांचा दंड धरला. "तुम्ही पाणी प्यायला गेलात ना, तेव्हा कारकून म्हणाला, उद्या फीतवाला कागद आणेल, सही करा. लॉजमध्ये कुठेही विस्तव पेटत नाही, असं मी लिहून द्यायचं."

बाई थबकल्या. पाहुण्यांच्या अंघोळीसाठी मागच्या पडवीत रोज पहाटे बंब पेटतो. त्याचा धूर शाळेतून दिसतो.

"म्हणजे उद्या ठिणगी पडली, तर लबाड कोण? मी."

"मग सही करूच नका."

"नाही म्हटलं तर परवा किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला." मावशींनी बाईंच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. "तुमचे दीर मालकांकडेच कामाला आहेत ना?"

"होते. सोडून दोन वर्षं झाली."

"सोडलं की काढलं?"

"मावशी."

"बरं, राहिलं. तुमच्यावर अगदी पुरता भरवसा आहे असं नाही. पण बारीक अक्षर मला दिसत नाही, आणि गावात दुसऱ्या कुणावर तर मुळीच नाही." त्यांनी दंड सोडला नाही. "उद्या शाळेआधी या. कागद त्याच्यासमोर मोठ्यानं वाचा, एक ओळ गाळू नका. आणि 'बंब रोज पेटतो' हे तुमच्या अक्षरात त्यावर लिहा. मी त्याच्याखाली सही करीन. याल?"