तीन अमावस्यांच्या तारा

“ती पोर तठे बशेल शे, डॉक्टर. तिन्हा समोर काय सांगू मी?”

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं आणि माझं पेन थांबलं. ती पोर म्हणजे मी. शहाद्याच्या त्या छोट्या हॉस्पिटलात रुजू होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. एमबीबीएस संपलं होतं, पुढच्या प्रवेशपरीक्षेला वर्ष होतं, म्हणून वडिलांनी ओळखीतल्या सर्जनकडे मला मदतीला पाठवलं होतं. मी उठून बाहेर जाण्याच्या बेतात होते. खरं तर मला जायचंच होतं.

“ती पोर नही, डॉक्टर शे,” सर म्हणाले. “तुम्हना कागद तिन्हाच हातमा ऱ्हाई. आते हात दखाडा.”

हात का, हे मला तेव्हा कळलं नाही. त्या माणसालाही कळलं नसावं, पण हात दाखवायला कुणाची हरकत असते? म्हसावदकडचे केळीवाले शेतकरी, वय पन्नाशीचं. सरांनी त्यांचा तळवा उघडून करंगळीखालची गाठ दाबून पाहिली, मग दुसऱ्या हाताची. ज्यांच्या तळव्यात अशी जाड दोरी धरते, त्यांतल्या काहींना तसाच व्रण खालीही धरतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण एखाद्या लाजलेल्या माणसाशी बोलायला सुरुवात कुठून करायची, हे पुस्तकात नव्हतं. तळव्यावर बोलता बोलता काका आपोआप पुढचं सांगू लागले. सहा महिन्यांपासून अंग वाकडं होतंय. दुखतं. एक कडक गाठ हाताला लागते.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. शरीराच्या त्या भागाचे मला येणारे सगळे शब्द इंग्रजी होते, आणि मराठीतले ऐकले होते ते फक्त स्टँडवरच्या शिव्यांत. सर ‘अंग’ म्हणायचे, कधी ‘इंद्रिय’, आणि ते इतक्या साध्या आवाजात की गुडघ्याबद्दल बोलताहेत असं वाटावं.

“हाई कॅन्सर नही,” ते म्हणाले. “लागनारा रोग नही. तुम्हनं काई चुकेल नही.” मग टेबलाच्या खणातून त्यांनी सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा काढला. एक टोक बांधलेलं, एका बाजूला पंक्चरचं ठिगळ. दुसऱ्या टोकाने त्यांनी स्वतः फुंकून हवा भरली. साठीचा माणूस, गाल फुगवून.

“ठिगळ शे तठे ट्यूब फुगस का?”

“नही फुगस.”

“मंग वाकस कोनाकडे?”

“ठिगळकडे,” काका म्हणाले, आणि हसले. “म्हनजे माले पंक्चर शे.”

“पंक्चर नही. ठिगळ शे. निसर्गानीच लायेल.”

त्यानंतर सर जे विचारत गेले, ते मी लिहून घेत होते. किती महिने झाले, दुखणं अजून आहे का, बाक वाढतोय की थांबलाय, ताठरपणा पुरेसा येतो का, मध्येच डमरूसारखं बारीक होतं का. सोनोग्राफीत व्रणात चुना साठलेला दिसतो का तेही त्यांनी पाहिलं, नव्हता. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी एकच शब्द लिहिला: ‘ताजा’. पुढची सगळी वाट त्या एका शब्दावर ठरत होती. ताज्या व्रणावर शस्त्रक्रिया करायची नाही. तो अजून आक्रसतोय. आज सरळ केलेलं उद्या दुसरीकडे वाकतं. दुखण्याच्या गोळ्या, ताण देणारं साधन रोज ठरलेला वेळ लावायचं, आणि वाट पाहायची. किमान तीन महिने बाक हलला नाही, दुखणं गेलं, तर ‘थांबलेला’. मग बाक मध्यम असेल तर उलट्या बाजूला टाके घालून सरळ करता येतं. “थोडं आखूड होई,” सर आधीच सांगून टाकायचे. “चाली का, ते घर जाईसन इचार करा.” बाक फार असेल किंवा डमरू असेल, तर व्रण कापून तिथे शरीरातलीच दुसरीकडची पट्टी शिवावी लागते, ते काम सर स्वतः करत नसत, सुरतेला पाठवत. आपल्याला काय येत नाही हे ते जितक्या सहज सांगत, तितक्या सहज मी अजून कुणाला सांगताना पाहिलेलं नाही.

बाक हलला की नाही हे कळणार कसं? मोठ्या शहरात रुग्ण घरी फोटो काढून आणतात. इथे फोन घरात एक, तो सगळ्यांच्या हातात. नातू गेम खेळतो, सून व्हिडिओ पाहते. त्यावर कोण असला फोटो काढणार? सरांनी त्यावर काढलेला उपाय मला अजून थक्क करतो. गवंडी सळया बांधायला वापरतात ती काळी मऊ तार. वीतभर लांबीचे तुकडे मी पकडीने कापायचे आणि एकेका पाकिटात घालायचे. ठरलेल्या दिवशी पहाटे, अंग आपसूक ताठ असतं तेव्हा, तार त्याच्या वरच्या बाजूला धरायची, तिला तेवढाच बाक द्यायचा आणि पाकिटात ठेवायची. दिवस लक्षात राहावा म्हणून अमावस्या. तारीख विसरणारे लोक अमावस्या विसरत नाहीत. काकांच्या पाकिटांवर मी माझ्या गोल गोल अक्षरांत लिहिलं: पोळा. सर्वपित्री. दिवाळी.

परत आलेली तार मी आलेखकागदावर ठेवायची, पेन्सिलीने तिच्या कडेने रेघ ओढायची आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजायचा. बाकी इंजेक्शनने ताठरपणा आणून केलेली नेमकी मोजणी ऑपरेशनच्या आधी होतच असे. पण मधल्या महिन्यांची साक्ष त्या तारेचीच.

त्या दिवशी काका आत कपडे नीट करत होते तेव्हा मी बाहेर आले. बाकड्यावर त्यांची बायको बसलेली होती. तिने माझा हात धरला.

“बाई, खडा केवढा शे हो?”

काकांनी घरी मुतखडा सांगितला होता. मी म्हणाले, “तपासणी चालू आहे.”

“सहा महिना व्हयनात, हाऊ मानूस मन्हाकडे पाठ करी झोपस. खडा शे का कोनी बाई शे, ते सांग माले.” ती हसत होती, पण हात सोडत नव्हती. “भाऊबीजले माहेर जासू. मंग दखू परत येवानं का नही ते.”

मी हात सोडवून आत गेले. ते माझं सांगण्याचं नव्हतं. आत सर काकांना तेच समजावत होते, की बाईला आत बोलवा, मी ट्यूब दाखवतो, दोन मिनिटांत गैरसमज जाईल. काका मान हलवत राहिले. नाही म्हणजे नाही.

भाऊबीज होऊन आठवडा झाला आणि काका एकटे आले. दिवाळीत थोपवून धरलेली सगळी दुखणी त्या दिवशी एकदम आल्यासारखी गर्दी होती. “ती माहेर शे,” त्यांनी विचारायच्या आत सांगितलं. “ती येवाना आगोदर उरकी टाका, सायेब.” आणि तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली, तलाठ्यापुढे उतारे ठेवावेत तशी. “कागद पुरा शेतस. आते तारीख द्या.”

“दुखस का?”

“नही. बिलकूल नही.”

सर मागच्या रुग्णाचा एक्स-रे उजेडाकडे धरून उभे होते. त्यांनी तारांकडे पाहिलंही नाही. “वाच,” एवढंच मला म्हणाले. मी मोजून वाचलं. चाळीस. चाळीस. चाळीस.

“वा. जागचं हललं नाही. थांबलेला,” सर म्हणाले. “सोमवार लिही.”

मी पेन घेतलं. तारा आलेखकागदावर एकीवर एक पडल्या होत्या आणि खालच्या दोन दिसतच नव्हत्या. टोकाशी असलेला बारीकसा नागमोडी हेलकावासुद्धा तिन्हींत त्याच जागी होता. ज्यांचा बाक खरोखर थांबलेला होता अशांच्या तारा मी पाहिल्या होत्या. त्या कधी अशा बसत नाहीत. हाताने वाकवलेली तार दर वेळी थोडी वेगळी येते, दोन-चार अंशांचा फरक पडतोच. या तिन्ही एकत्र धरून एकाच वेळी वाकवलेल्या होत्या.

मला ते घर दिसलं. दिवाळीची पहाट, अभ्यंगस्नानाची घाई, लेकी-जावई, खोल्याखोल्यांत अंथरुणं. कुठल्या कोपऱ्यात तार घेऊन उभं राहायचं होतं त्यांनी? पोळ्यालाच त्यांनी तिन्ही पाकिटं भरून ठेवली असणार. अर्जाला लागणारे कागद एकदाच जोडून ठेवतात, तसे. फसवण्यासाठी नव्हे, काम पुढे सरकावं म्हणून. आणि बायको यायच्या आत माणूस पहिल्यासारखा व्हावा म्हणून.

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. खिशात हात घालून त्यांनी पँटचं कापड अंगापासून दूर धरलं होतं. श्रावणात पहिल्यांदा आले, दुखत होतं, तेव्हाही ते असेच बसले होते.

सर एवढ्या वर्षांचे. मी जेमतेम चार महिन्यांची. कोन मीच मोजले होते, मीच वाचले होते, आणि त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला होता तो माझ्या आवाजावर. त्या विश्वासाचा मला अभिमान वाटायचा. बाहेर कंपाउंडर पुढचं नाव पुकारत होता. काका उठले, दोन टप्प्यांत उठले, आणि त्यांनी सरांना हात जोडले.

मी पेन खाली ठेवलं.

“काका, या तिन्ही तारा तुम्ही एकाच दिवशी वाकवल्यात. इंद्रिय अजून दुखतंय तुमचं. सोमवारी ऑपरेशन केलं तर ते पुन्हा वाकेल.”