कडेवरच्या भावासकट

विजयमाला खराडे यांचं निम्मं आयुष्य ट्रंका बांधण्यात आणि सोडण्यात गेलं. नवरा धैर्यशील फौजेत. पठाणकोट, झाशी, जोधपूर, जिथे बदली होईल तिथे संसार हलायचा, आणि घर लागलं की बाई जवळच्या शाळेत जाऊन विचारायच्या, शिकवायला कुणी हवंय का? शेवटची बदली दिल्ली छावणीत झाली. धैर्यशील सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गुडगावच्या एका कारखान्यात सुरक्षेच्या कामावर लागले, आणि पप्पनकलांला, ज्याला लोक नुकतेच द्वारका म्हणू लागले होते, त्यांनी तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. मेट्रो अजून यायची होती. रस्ते चांगले रुंद होते, पण त्यांवरून बस क्वचितच जायची. पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागे. धूळ मात्र घरपोच मिळायची.

फ्लॅटपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या शेडमध्ये प्राथमिक शाळा निघाली. तिथे बाईंना तिसरीचा वर्ग मिळाला.

एप्रिलात वरून हुकूम आला की सेक्टरमधल्या शाळेच्या वयाच्या मुलांची घरोघर जाऊन नोंद करा. बाई नव्या सोसायट्यांचे जिने चढल्या. तिथली मुलं पिवळ्या बसने मोठ्या इंग्रजी शाळांत जात होती. पत्र्याच्या शाळेचं नाव काढलं की दार हळूच लोटलं जाई. मग बाई मागच्या बाजूला गेल्या, जिथे नव्या इमारतींवर राबणाऱ्या मजुरांच्या झोपड्या होत्या. मुलं तिथे होती. मध्य प्रदेशातल्या टीकमगढकडची एक मजूरीण विटा वाहून नुकतीच खाली उतरली होती. तिची फुलवती नऊ-दहा वर्षांची, पण कधी शाळेत गेलेली नव्हती. शाळा चांगली आहे, फुकट आहे, पुस्तकं मिळतात, असं बाईंनी सगळं सांगितलं. आईने सगळं ऐकून मान हलवली आणि ती परत विटांकडे गेली. कारणाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, ‘पालकांना आवड नाही.’

चार-आठ दिवसांनी शाळेच्या नळावर फुलवती पाणी भरायला आली. कमरेतून एका बाजूला वाकलेली, कारण कडेवर वर्षाचा भाऊ होता. बाईंनी तिलाच विचारलं, शाळेत का येत नाहीस?

“छोटू को कौन देखेगा, मॅडमजी?”

तक्रार नव्हती. पत्ता विचारल्यावर सांगावा तसं तिने सांगितलं. ठेकेदार तान्ह्या मुलांना इमारतीवर नेऊ देत नसे.

“मग त्याला घेऊन ये,” बाई हिंदीत म्हणाल्या.

ती दुसऱ्याच दिवशी आली. तिचं बघून आणखी पोरी आल्या, प्रत्येकीच्या काखेत एक एक. एका बाळाने खडू खाल्ला, दुसरं फळ्याखाली रांगत गेलं, आणि एक रडलं की बाकीची साथ देत. पाढे त्या कोलाहलात बुडाले. मुख्याध्यापिका सबरवाल मॅडम वाईट नव्हत्या, पण पलीकडच्या वर्गात त्यांनाही शिकवायचं होतं. आठवडाभर त्यांनी सोसलं, मग बाईंना बोलावून सांगितलं की पोरी येऊ देत, बाळं मात्र सोमवारपासून दिसता कामा नयेत. बाळं गेली तर फुलवतीही जाणार, हे दोघींनाही कळत होतं.

रविवारी बाई सासऱ्यांना जेवायला वाढत होत्या. सासरे म्हणजे काकासाहेब. फलटणजवळच्या गावाहून पत्नी वारल्यावर मुलाकडे आलेले आणि दिल्लीत अजिबात न रुळलेले. इथे माणसं बोलत नाहीत, नुसते हॉर्न वाजवतात, असं त्यांचं मत होतं. दिवसभर व्हरांड्यात बसून ते बांधकामाचा ट्रक आला की शिव्या द्यायचे.

“तोंड का उतरलंय, सूनबाई?”

बाईंनी सांगितलं. पोरींना आणा म्हणतात, पण त्यांच्या काखेतलं पोर ठेवायचं कुठे, ते कुणी सांगत नाही.

“इथं ठेवा की. मी काय करतोय?”

बाईंना हसू आलं. “मामंजी, ह्यांना तरी कधी कडेवर घेतलं होतंत का?”

काकासाहेबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “नाही घेतलं. वडीलधाऱ्यांच्या देखत आपलं पोर उचलायचं नाही, अशी रीत होती आमच्यात. माझे वडील, आबा, सोप्यात बसलेले असायचे. धैर्यशील रांगत माझ्या पायापाशी यायचा, आणि मी दुसरीकडं बघायचो.” ताटातला तुकडा पुन्हा उचलत ते म्हणाले, “आता माझ्याहून वडीलधारं कोण उरलंय?”

त्यांनी स्वतः ट्रंक उघडली. सासूबाईंची लुगडी काढली आणि व्हरांड्याच्या गजांना झोळ्या बांधल्या. सोमवारी फुलवतीची आई दाराशी येऊन उभी राहिली. हाताला विटांची लाली, आत पाऊल टाकेना. झोळीची गाठ तिने ओढून पाहिली, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि छोटूला त्याच्या हातात दिलं.

वरच्या मजल्यावरच्या वीणाजींनी जिन्यातून विचारलं, “क्या अंकलजी, क्रेश खोल लिया?”

“हां,” काकासाहेब म्हणाले, “आपको भी भर्ती होना है?”

त्या दिवशी फुलवती मोकळ्या हातांनी वर्गात आली. बसली ती तशीच, एका बाजूला कलून. मांडीवर कुणी नसतानाही तिचा हात थोपटत होता. बाहेर कुठेही रडणं ऐकू आलं की मान दाराकडे. मधल्या सुट्टीत ती धावत फ्लॅटवर जाऊन आली. “सो रहा है,” तिने बाईंना सांगितलं, जरा रुसल्यासारखं.

सुट्टीनंतर बाई फळ्यावर लिहून वळल्या तर फुलवती पत्र्याला डोकं टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, पाय पसरलेले, बसायच्या तरटपट्टीवर दोघींची जागा अडवून. शेजारच्या पोरीने तिला ढोसायला कोपर उचललं, तेव्हा बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पाढे म्हणणं थांबवून त्यांनी वर्गाला ते लिहायला सांगितले. इतक्यात दारात सबरवाल मॅडम आल्या. बाई उत्तराची जुळवाजुळव करू लागल्या. मॅडमनी झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि वाऱ्याने आपटणारं पत्र्याचं दार आवाज न करता ओढून घेऊन त्या निघून गेल्या.

वर्गात बराच वेळ पाट्यांवर पेन्सिली करकरत राहिल्या. मग फुलवती दचकून उठली. हात आधी कमरेवर गेला.

“छोटू?”

“वो ठीक है,” बाई म्हणाल्या. “चल, दो का पहाडा. जितना आता है, उतना.”

फुलवती उभी राहिली, दोन्ही पायांवर सरळ, आणि म्हणू लागली.